दडविलेले कर्ज आणि विश्वासाची जागा

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील सतरावा नियम थोड्या शब्दांत एक मोठी अपेक्षा बाळगतो: सरकारी नोकराने आपला खासगी व्यवहार अशा रीतीने सांभाळावा की नादारी किंवा सततचा कर्जबाजारीपणा त्याच्या वाट्यास येऊ नये, आणि कर्जाच्या वसुलीसाठी अथवा त्याला नादार ठरविण्यासाठी न्यायालयात कारवाई सुरू झालीच, तर तिची साद्यंत हकीकत त्याने विनाविलंब सरकारला कळवावी. या नियमाखालची टीप त्याहून कठोर आहे. ओढवलेला कर्जबाजारीपणा सर्वसाधारण दक्षता बाळगूनही पूर्वी न दिसणाऱ्या अथवा आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी ओढवला, उधळपट्टीने किंवा व्यसनाने ओढवला नाही, हे सिद्ध करण्याचा भार तीत नोकरावरच टाकलेला आहे. ब्रिटिश अमदानीतील आचारनियमांतून उतरत आलेली ही आज्ञा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कारागिराला आणि दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेतील वैज्ञानिकाला सारखीच लागू होत आली आहे. ज्या नोकरीचा पाया गोपनीयतेच्या विश्वासावर घातलेला असतो, तिच्यात खासगी कर्ज, आणि विशेषतः दडविलेले खासगी कर्ज, केव्हा, कोणत्या वाटेने आणि किती प्रमाणात आड येते, याचा विचार पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा पट्टा मोटारींचा व दुचाकींचा म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या अंगाला, आणि काही ठिकाणी त्याच्या पोटातच, संरक्षणसामग्रीच्या उत्पादनाचा दुसरा पट्टा पसरलेला आहे, व तो पहिल्याहून पुष्कळ जुना आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना निघाला, त्याच्या कितीतरी आधी, १८६९ साली, खडकीस दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता. १९४० साली त्याच्या शेजारी उच्चस्फोटकांचा कारखाना आला. देहूरोडला लष्करी साहित्याचे कोठार आणि पुढे आयुध कारखानाही झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हे तिन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातच मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले आणि त्यांतील नोकरवर्ग प्रतिनियुक्तीवर आहे असे मानून त्याच्या सेवाशर्ती पूर्ववत राखण्यात आल्या. तळेगावी लार्सन अँड टूब्रोच्या आवारात पिनाक अग्निबाणांचे प्रक्षेपक जुळविले जातात. आणि भोसरीच्या व चाकणच्या लहान लहान वर्कशॉपांत, जिथे एका लेथवर सकाळी मोटारीच्या गिअरचा भाग आणि दुपारी तोफेच्या एखाद्या उपांगाचा भाग कातला जाऊ शकतो, तिथेही त्या कामाचे ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल आणि पुरवठ्याचे वेळापत्रक यांच्या रूपाने राष्ट्राच्या गुपिताचा एखादा धागा येऊन पोहोचतो. सरकारने खासगी परवानाधारक संरक्षण-उद्योगासाठी जी सुरक्षा-पुस्तिका काढली, तिच्यात उत्पादनांचे अ, ब, क असे तीन वर्ग केलेले आहेत: अतिसंवेदनशील शस्त्रे, स्फोटके, रणगाडे, युद्धनौका, विमाने इत्यादी पहिल्या वर्गात, त्यांचे अर्धसिद्ध भाग व उपप्रणाली दुसऱ्यात, आणि ज्यांत गोपनीय माहितीचा संबंधच येत नाही अशा सर्वसामान्य वस्तू तिसऱ्यात. चाकणमधील एखाद्या मध्यम कारखान्याची उलाढाल मोटारीच्या भागांवर चालत असली, तरी त्याच्या एका शेडमध्ये दुसऱ्या वर्गाचे काम चालू असणे शक्य असते. आणि त्या शेडच्या दाराशी कोणाला सोडावे आणि कोणाला सोडू नये, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर देणारा एकच एक दाखला नाही. अमेरिकेत शासनाच्या गोपनीय कामासाठी ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणून जी एकसंध व्यवस्था आहे, तिच्या जागी आपल्याकडे अनेक लहानमोठ्या चाळण्या आहेत, आणि प्रत्येकीचे भोक निराळ्या मापाचे आहे. सरकारी नोकरीत शिरताना उमेदवार साक्षांकन नमुना भरतो. त्याच्या आधारे जिल्ह्याचे पोलीस चारित्र्य व पूर्वचरित्र यांची पडताळणी करतात. नोकरीत शिरल्यावर मालमत्तेचे व दायित्वांचे विवरण द्यावे लागते, आणि अठराव्या नियमान्वये त्यात स्थावर-जंगम मालमत्तेबरोबर कर्जे व इतर देणीही दाखवावी लागतात. बढतीच्या किंवा संवेदनशील पदावरील नेमणुकीच्या वेळी दक्षता विभागाची ना-हरकत पाहिली जाते. खासगी परवानाधारक कारखान्यांत नोकरांच्या पूर्वपीठिकेच्या पडताळणीचे दायित्व कंपनीवर असते, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुधा एवढाच राहतो की कामगार किंवा त्याचा कंत्राटदार पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणून टाइम ऑफिसात जमा करतो. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले, चाकण, देहूरोड, तळेगाव, आळंदी ही ठाणी त्याच्या कक्षेत आली, आणि असले दाखले मागणाऱ्यांची सोय त्या प्रमाणात जवळ आली. परंतु तो दाखला एवढेच सांगतो की या इसमावर फौजदारी गुन्ह्याची नोंद आहे किंवा नाही. त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, ते कोणाचे आहे, आणि त्या कर्जापायी रात्री-अपरात्री त्याच्या दाराशी कोण उभे राहते, याविषयी तो दाखला अवाक्षर बोलत नाही. साक्षांकन नमुन्याचीही तीच गत आहे. अटक झाली होती काय, खटला भरला गेला काय, शिक्षा झाली काय, परीक्षेस बसण्यास मनाई झाली होती काय, असे प्रश्न त्यात बारकाईने विचारलेले आहेत, आणि खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता ठरेल अशी ताकीदही माथ्यावर छापलेली आहे. मात्र कर्जाचा रकाना त्यात नाही.

मग कर्जाला इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तही आहे. कारण घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, दुखण्याबाण्यासाठी कर्ज न काढलेला नोकरदार आज या पट्ट्यात शोधूनही सापडणे कठीण आहे. याचे उत्तर गेल्या शतकातील हेरगिरीच्या इतिहासाने दिलेले आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे परराष्ट्रांचे संदेश टिपून उलगडणाऱ्या खात्यात, चौदा वर्षे काम केलेला रोनाल्ड पेल्टन १९७९ साली दिवाळखोर झाला, नोकरी सोडून बाहेर पडला, आणि जानेवारी १९८० मध्ये वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीशी संधान बांधून आपल्या स्मरणात असलेली गुपिते विकू लागला. ऑल्ड्रिच एम्स हा मध्यवर्ती गुप्तचर संस्थेचा अधिकारी. घटस्फोटाच्या देण्याने आणि वाढत्या खर्चाने गांजलेला असता १९८५ साली त्याने सोव्हिएत वकिलातीकडे पन्नास हजार डॉलरांची मागणी केली, आणि १९९४ साली पकडला जाईपर्यंतच्या नऊ वर्षांत त्याने दिलेल्या माहितीपायी कित्येक माणसांना प्राण गमवावे लागले. या दोघांपैकी कोणालाही प्रथम शत्रूने शोधून काढले नव्हते. दोघेही आपल्या पायांनी चालत गेले. कर्जाचे भय हे यासाठी आहे की ते माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध वाकविण्याचे साधन तर होतेच, पण स्वतः होऊन वाकण्याची बुद्धीही त्यानेच सुचते.

अमेरिकेने या अनुभवाचा पुढे जो नियम केला, तो मला वाचनीय वाटतो. ८ जून २०१७ पासून अमलात असलेल्या मार्गदर्शक निर्देशांत आर्थिक व्यवहारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आणि अर्जदाराला भराव्या लागणाऱ्या प्रश्नावलीत गेल्या सात वर्षांत एखादे देणे १२० दिवसांहून अधिक थकले होते काय, आज थकलेले आहे काय, दिवाळखोरीचा अर्ज केला होता काय, जुगारापायी आर्थिक अडचण आली होती काय, असे स्पष्ट प्रश्न आहेत. पण त्याच निर्देशांत दोषाचा भार हलका करणाऱ्या परिस्थितीही तितक्याच स्पष्टपणे सांगितलेल्या आहेत: नोकरी जाणे, आजारपण, कुटुंबातील मृत्यू, घटस्फोट, यांसारख्या हाताबाहेरच्या कारणांनी कर्ज झाले असेल आणि माणूस प्रामाणिकपणे ते फेडीत असेल, तर त्याच्या विश्वासार्हतेला बाध येत नाही. कर्ज लपविले असल्यास मात्र दुसरेच प्रकरण उघडते, ते वैयक्तिक वर्तनाचे. आणि जे देणे उघड केले असते तर क्षम्य ठरले असते, तेच लपविल्यामुळे अपात्रतेचे कारण होऊ शकते. कर्ज ही अवस्था आहे आणि लपविणे ही कृती आहे, हा भेद तेथे कागदोपत्री मानलेला आहे. आपल्या नियमांत तो अंधुकपणे आहे, आणि आपल्या व्यवहारात जवळजवळ नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. आपल्या पट्ट्यातील अलीकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण कर्जाचे नाही. मे २०२३ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या एका वरिष्ठ वैज्ञानिकाला अटक केली, ती परदेशी हस्तकाला गोपनीय माहिती पुरविल्याच्या आरोपावरून, आणि त्या आरोपातील मार्ग स्त्रीरूपाच्या मोहजालाचा होता. त्यामुळे कर्जबाजारी माणूस तेवढाच धोकादायक आणि बाकी सगळे निर्धोक, असा समज कोणी करून घेऊ नये. तथापि मोहजाल असो वा कर्ज असो, दोहोंत पकड एकाच गोष्टीची असते, आणि ती म्हणजे माणसाच्या आयुष्यात इतरांना कळू नये अशी काही बाब असणे. लोन ॲपच्या वसुलीवाल्यांनी गेल्या काही वर्षांत ही पकड किती सोपी आहे हे रस्त्यावर आणून दाखविले. पाच-दहा हजारांचे कर्ज देताना फोनमधील सगळे क्रमांक व छायाचित्रे उचलून घ्यावयाची, आणि हप्ता चुकताच नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कारखान्यातील सुपरवायझरला बीभत्स संदेश पाठवावयाचे, हा त्यांचा धंदा होता, आणि रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांनी फोनमधील संपर्कयादी व फाइली यांना हात लावण्यास मनाई केली तरी विनापरवाना ॲपांचा सुळसुळाट त्याने सर्वस्वी थांबलेला नाही. ज्या इसमाला त्या दहा हजारांपायी आपली अब्रू जाईल असे भय आहे, त्याच्याकडून शेडमधील ड्रॉइंगचा एक फोटो मागणाऱ्याला वेगळी युक्ती लढविण्याची गरज उरत नाही.

आता हे कर्ज उघडकीस येते कसे, ते पाहू; कारण दडविलेले कर्ज कायमचे दडून राहते असे मानणाऱ्याने कारखान्याच्या पगारपत्रकाकडे कधी नीट पाहिलेले नसते. पगारपत्रकाच्या उजव्या बाजूला कपातीचा रकाना असतो आणि त्यात भविष्यनिर्वाह निधी, व्यवसायकर यांच्या खालोखाल बहुधा ‘सोसायटी’ असा एक आकडा असतो. हा आकडा कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचा, म्हणजे बोलण्यातल्या पतपेढीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ अन्वये सभासदाने संस्थेला करार लिहून दिला की मालकाने त्याच्या पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरावयाचा असतो. आणि थकबाकी राहिली तर कलम १०१ अन्वये निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून संस्था जप्तीपर्यंत जाऊ शकते. पतपेढीचे कर्ज म्हणून कारखान्याला ठाऊक असतेच. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला आणि धनकोने दरखास्त लावली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित राहतात. म्हणजे ढोबळ मानाने एकतीस हजार जप्तीयोग्य पगार असलेल्याचे दहा हजार दरमहा कापले जाऊ शकतात, आणि जप्तीचा हुकूम थेट पगार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. सतराव्या नियमाने जी हकीकत नोकराने स्वतः होऊन सांगावयाची होती, ती त्या दिवशी न्यायालयाचा बेलिफ सांगतो. आणि पुढचे सारे प्रश्न ‘कर्ज का केले’ यापेक्षा ‘आम्हाला का सांगितले नाहीस’ या अंगाने विचारले जातात.

याहून घातक, आणि पुष्कळांच्या ध्यानातच न येणारी, वाट धनादेशाची आहे. खासगी धनको कर्ज देताना सही केलेले कोरे धनादेश तारण म्हणून ठेवून घेतात, ही गोष्ट या पट्ट्यात इतकी रूढ आहे की सही करणाऱ्याला तीत काही विशेष वाटत नाही. हप्ते थकले की धनादेश बँकेत टाकला जातो, तो न वटता परत येतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल होते; आणि तो खटला फौजदारी असतो, दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असतो. ज्या साक्षांकन नमुन्यात कर्जाचा प्रश्नच नव्हता, त्यातील ‘आपल्याविरुद्ध एखादा खटला प्रलंबित आहे काय’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दिवसापासून बदलते. देणे होते दिवाणी. पण एका धनादेशाने ते फौजदारी नोंदीत गेले, आणि जो माणूस ‘ही तर पैशाची भानगड, हिचा गुन्ह्याशी काय संबंध’ असे प्रामाणिकपणे समजून ‘नाही’ असे लिहितो, तो माहिती दडविणारा ठरतो. नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी अगोदर सांगणे अत्यंत अगत्याचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जुलै २०१६ मध्ये दिलेला निकाल या संदर्भात दीपस्तंभासारखा आहे. तो प्रश्न कर्जाचा नव्हता, पडताळणीत दडविलेल्या फौजदारी प्रकरणांचा होता; परंतु त्यात घालून दिलेली सूत्रे येथे तंतोतंत लागू पडतात. दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे न्यायालयाने आरंभीच सांगितले. पण त्याबरोबर हेही सांगितले की दडविलेली गोष्ट क्षुल्लक असेल तर मालकाने विवेकाने ती क्षमा करावी, पद जितके वरचे व जबाबदारीचे तितकी कसोटी कडक असावी, आणि कोणालाही दडविल्याचा दोष देण्यापूर्वी विचारलेला प्रश्न मोघम नसून नेमका होता हे पाहावे. जे विचारलेच नाही ते न सांगितल्याबद्दल माणसाला दोषी धरता येत नाही. बँकांच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये थोडी वेगळी दिशा दाखविली: भारतीय स्टेट बँकेने एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक त्याच्या पतअहवालातील थकबाकीमुळे रद्द केली होती, ती न्यायालयाने ग्राह्य धरली, कारण परक्याचा पैसा हाताळणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहारात शिस्त असावी अशी अट भरतीच्या जाहिरातीतच होती. दोन्ही निकालांतून एकच बोध निघतो, आणि तो कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी ऐकण्याजोगा आहे: अट अगोदर लिहा, प्रश्न नेमका विचारा, आणि मग उत्तराबद्दल माणसाला जबाबदार धरा.

पतअहवालाचा उल्लेख आला म्हणून त्याच्या मर्यादेविषयीही बोलले पाहिजे. कारण हल्ली अनेक कंपन्यांत अशी समजूत रुजत आहे की सिबिलचा आकडा पाहिला म्हणजे माणूस कळला. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चालणारी ही यंत्रणा बँका आणि वित्तसंस्था यांच्यासाठी आहे, आणि ३०० ते ९०० यांमधला तिचा गुणांक त्याच नोंदींवर बेतलेला असतो. घरकर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्याचा गुणांक उत्तम येईल. आणि ज्याने क्रेडिट कार्डाचे बिल दोनदा चुकविले त्याचा खाली येईल. परंतु या पट्ट्यातील खरे ओझे त्या नोंदीत सहसा उतरतच नाही. सावकाराकडून महिन्याला दहा टक्के दराने उचललेली रक्कम तेथे नाही. गावाकडच्या मेव्हण्याकडून बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले हातउसने तेथे नाही. पतपेढ्यांची बहुतेक कर्जे तेथे नाहीत. भिशी तर नाहीच नाही.

भिशीचे स्वरूप जवळून पाहण्याजोगे आहे. एखाद्या शॉपमधील वीस जण दरमहा पाच हजार भरतात, एक लाखाची रक्कम जमते, आणि ज्याला निकड आहे तो लिलावात ती सर्वांत कमी रकमेला, म्हणजे उदाहरणार्थ ब्याऐंशी हजाराला, उचलतो. उरलेले अठरा हजार बाकीच्यांत वाटले जातात. उचलणाऱ्याने मात्र भिशी संपेपर्यंत दरमहा पूर्ण पाच हजार भरलेच पाहिजेत. कागद नाही, पावती नाही, एका वहीत नावे आणि पुढे खुणा. आणि तरीही हा व्यवहार वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो, कारण चुकविणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच वीस जणांबरोबर डबा खावयाचा असतो. यात कौतुकाचा भाग पुष्कळ आहे, आणि तो मी मनापासून मानतो. पण एकच माणूस तीन भिश्या उचलून बसला आणि चौथीने तिसरी भागवू लागला, की त्याची अवस्था कोणत्याही दप्तरात दिसत नाही. ती फक्त त्याच्या शेजारच्या मशिनवरच्या माणसाला दिसते.

जामीनकीचा प्रकार याहून नाजूक आहे. पतपेढीचे कर्ज मंजूर व्हावयाचे तर सभासदांपैकी एक-दोन जामीनदार लागतात, आणि दुपारच्या सुटीत कोणी कागद पुढे केला तर सही न करणे हे मैत्रीला बट्टा लावण्यासारखे मानले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात काही वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. मूळ माणूस नोकरी सोडून गावी निघून गेला की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते. आपले विवरण भरताना या सह्या कोणाच्या ध्यानात राहतात? स्वतः एक पैसाही न उचललेला, कसलाही शौक नसलेला मनुष्य चार मित्रांच्या भिडेपायी लाखांच्या दायित्वात असतो, आणि मालमत्ता-विवरणात ‘देणी : निरंक’ असे तो निःशंक मनाने लिहितो. माझ्या मते या पट्ट्यातील न सांगितलेल्या कर्जांचा मोठा भाग असल्या विस्मृत सह्यांचा असला पाहिजे. आणि त्यात फसवणुकीचा हेतू शोधणे हा अन्याय होईल.

कर्ज लपविण्याची वृत्ती आपल्या मातीत मुळातच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. याच पुणे प्रांतात, थेऊर मुक्कामी, १७७२ साली मृत्युशय्येवर पडलेल्या थोरल्या माधवराव पेशव्यांनी जी अखेरची कलमे लिहविली, त्यांत दौलतीचे कर्ज फेडण्याचे कलम होते. राज्यकर्त्याने आपले देणे कारभाऱ्यांसमोर मांडण्यात कमीपणा मानला नाही. पुढे शंभर वर्षांनी, मे १८७५ मध्ये, याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज ओढून काढून जाळले, तेव्हाही कर्ज गुपित नव्हते, सगळ्या गावाला ठाऊक होते; आणि त्या उद्रेकातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा जन्मला. गावात सावकार, ऋणको आणि शेजारी एकाच चावडीसमोर राहत होते. चाकणच्या भाड्याच्या खोलीत विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेला तरुण कोणाला ओळखत नाही, आणि कोणी त्याला ओळखत नाही. त्याचे कर्ज त्याच्या फोनमध्ये असते, त्याची लाज त्याच्या एकट्याची असते. गुपित येथे नव्याने निर्माण झालेले आहे.

म्हणून ज्या प्रश्नाकडे सुरक्षा-अधिकाऱ्यांनी प्रथम पाहावे असे मला तळमळीने वाटते, तो कर्जाच्या आकड्याचा नाही. कर्ज सांगितल्यावर सांगणाऱ्याचे काय होते, हा तो प्रश्न आहे. आज एखाद्या परवानाधारक कारखान्यातील यंत्रचालकाने सुरक्षा-अधिकाऱ्यापाशी जाऊन ‘साहेब, माझ्यावर सावकाराचे चार लाख आहेत, माणसे घरी येतात’ असे सांगितले, तर त्याला त्या शेडमधून काढून दुसरीकडे टाकतील, त्याचा जादा कामाचा भत्ता जाईल, नाव टाइम ऑफिसपासून कँटीनपर्यंत होईल, आणि कंत्राटी असेल तर पुढच्या महिन्यात गेटपासचे नूतनीकरणच होणार नाही. हे त्याला पक्के ठाऊक आहे. जी व्यवस्था सांगणाऱ्याला तत्काळ शिक्षा आणि लपविणाऱ्याला पकडला जाईपर्यंत अभय देते, ती लपविण्यास उत्तेजनच देते. मग तिच्या पुस्तिकेत गोपनीयतेचे महत्त्व कितीही ठळक अक्षरांत छापलेले असो. सतराव्या नियमातील पुराव्याचा भार नोकरावर टाकण्यामागे कारण आहे, ते मी अमान्य करीत नाही. परंतु स्वतः होऊन सांगणाऱ्याच्या बाबतीत तो भार हलका करावा असे एखादे वाक्य त्या टिपेत असते, तर तिचा उपयोग पुष्कळ वाढला असता.

कर्जातून सन्मानाने बाहेर पडण्याची वाटही आपण रुंद केलेली नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला. सामान्य नोकरदाराला पुण्याच्या न्यायालयात जावयाचे तर अजूनही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचाच आधार आहे, आणि त्या वाटेने जाणारा कामगार क्वचितच आढळेल. विनापरवाना सावकारीवर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते आणि असली सावकारी हा कारावासास पात्र गुन्हा आहे. ही गोष्ट कारखान्याच्या सूचनाफलकावर सुरक्षा-नियमांच्या शेजारी लागली, तर कित्येक माणसे आपण गुन्हेगार नसून गुन्ह्याचे बळी आहोत हे प्रथमच ओळखतील, आणि हे ओळखणारा माणूस बोलावयास लागतो.

ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांनी अ आणि ब वर्गाच्या शेडमध्ये प्रवेश देताना तीन-चार नेमके प्रश्न लेखी विचारावेत: तीन महिन्यांहून अधिक थकलेले एखादे देणे आहे काय, कोणाला जामीन राहिला आहात काय, सही केलेले कोरे धनादेश कोणाकडे आहेत काय, वसुलीसाठी कोणी धाकदपटशा करीत आहे काय. उत्तरे बंद पाकिटात केवळ सुरक्षा-अधिकाऱ्याकडे राहावीत, मनुष्यबळ खात्याच्या फाइलीत जाऊ नयेत. आणि स्वतः सांगितलेल्या देण्यावरून कोणाचाही गेटपास थांबणार नाही, एवढे अभय त्याच कागदावर कंपनीच्या शिक्क्यानिशी असावे. धाकाचे उत्तर ‘होय’ आले, तर त्या माणसाला काही काळ गोपनीय कागदांपासून दूर ठेवावे, पण पगार न घटविता. आणि पतपेढीच्या संचालकांना बोलावून सावकाराचे कर्ज पतपेढीच्या रास्त व्याजाच्या कर्जात फिरविता येते का, ते पाहावे. कायम कामगारांच्या बाबतीत हे करणे अवघड नाही, कारण पतपेढी, युनियन आणि पगारपत्रक ही तिन्ही हाताशी असतात. कंत्राटी कामगाराला मात्र यांतले काहीच नसते. तो पतपेढीचा सभासद होऊ शकत नाही, त्याचा पगार दुसऱ्याच्या नावे निघतो, त्याचा चारित्र्याचा दाखला कंत्राटदाराच्या पिशवीत असतो, आणि आज चाकणच्या ज्या शेडमध्ये तोफेचे उपांग कातले जाते तिथे झाडू मारणारा, माल उचलणारा, पॅकिंग करणारा बहुधा तोच असतो. सुरक्षा-पुस्तिकेची अंमलबजावणी तपासणाऱ्यांनी पुढच्या वेळी मुख्य मालकाच्या दप्तराआधी कंत्राटदाराचे दप्तर उघडावे.